अर्धा आवळा

कार्तिकात नांदेड-लातूरकडे आवळीखाली पंगती बसतात. या फळाचे बौद्ध परंपरेतील स्थान मात्र आपण विसरलो आहोत. विनयपिटकाच्या महावग्गात हिरडा, बेहडा व आवळा भिक्षूंना औषध म्हणून अनुज्ञात आहेत. ‘अशोकावदाना’त रुग्ण सम्राटाच्या हाती अखेरीस अर्धा आवळाच उरतो. तोही तो पाटलिपुत्राच्या कुक्कुटारामास दान देतो आणि संघ त्याचे कढण करून वाटून घेतो. अशोकाच्या शिलालेखांत ही कथा नाही; परंतु सातव्या शतकात युआन श्वांगाने तेथील आमलक स्तूपाची नोंद केली. सत्तेचा अस्त सांगण्यास कथाकाराने रत्न न घेता औषधी फळ घेतले, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. नाशिकच्या लेण्यांत, नहपानाचा जावई उषवदात याच्या विहारात, स्तंभशीर्षांवर खाचांचा आमलक कोरलेला आहे. तो या कथेतूनच आला, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.