गोव्याचा रस्ता, तांब्यावर कोरलेला

युरोपातल्या जुन्या रस्त्यांची छापील चित्रं जमवणाऱ्यांना पॅरिस-लंडन हवं असतं. पण तसाच एक रस्ता आपल्या शेजारी गोव्यात होता: रुआ दिरैता.

लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपचा सेक्रेटरी म्हणून आला. १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला त्याचं 'इटिनेरारियो' छापून आलं. त्यातली चित्रं हॉलंडात तांब्याच्या पत्र्यावर कोरली गेली. म्हणून घरं थेट युरोपियन दिसतात. वरोऱ्याला आमच्या हॉलमध्ये याची प्रत लावलीय, तर पाहुणे विचारतात, "इटली का हो?"

अस्सल कसं ओळखायचं? पत्रा ओल्या कागदावर प्रेसने दाबतात, त्यामुळे चित्राभोवती खोलगट चौकट उमटते, बोटाला लागते. कागद उजेडात धरला की साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात. रंग मात्र बरेचदा नंतर कोणीतरी भरलेले असतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. छत्र्या, पालख्या, घोडे यांच्या गर्दीत इथे लिलाव चाललाय, आणि विकायला माणसंही आहेत. लिन्शोटेनने मजकुरात ते स्पष्ट लिहिलंय. पण विक्रेते पुस्तकं फाडून पानं सुटी विकतात. मजकूर गेला की गुलामांचा बाजार भिंतीवरची शोभा होतो.

असो. चित्र जरूर घ्या, पण मजकूरही शोधून वाचा. आणि पुस्तक अखंड मिळालं तर कृपा करून फाडू नका!