करडईचे तेल, बुरशीची गोळी आणि एक आकडा

सोलापूर जिल्ह्यातील रब्बीच्या शेतीशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना ज्वारीच्या कडेने पेरलेल्या करडईच्या ओळी ठाऊक असतात. कोवळेपणी या रोपांची भाजी होते. पुढे पाने काटेरी बनतात आणि गुरे शेतात शिरत नाहीत. मुळे काळ्या जमिनीत खोल उतरतात, त्यामुळे पाऊस संपल्यावर मातीत उरलेल्या ओलीवर हे पीक तगून राहते. कुंपण, भाजी आणि तेल अशा तीन गरजा भागविणारे हे कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून होत आले आहे. अखिल भारतीय समन्वित करडई संशोधन प्रकल्पाचे मुख्य केंद्रही अनेक वर्षे येथेच होते. जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव धारण करणारा करडईचा 'भीमा' हा वाण या केंद्राचीच देणगी.

घाण्यावरच्या या तेलाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवी ओळख मिळाली. शहरांतील दुकानांत ते 'हृदयाला हितकर तेल' म्हणून विकले जाऊ लागले. करडई कमी पेरली जाऊ लागली, तरी ही ओळख लोकांच्या मनात टिकून आहे. ती कशी निर्माण झाली, ती कितपत खरी ठरली आणि आज ज्या गोळ्यांविषयी घराघरांत चर्चा होते त्या स्टॅटिन गोळ्यांशी तिचा काय संबंध, हे या लेखात पाहू या. या इतिहासात विज्ञान शिकविणाऱ्यांना उपयोगी पडेल असा एक धडा दोनदा येतो.

सशांपासून सुरुवात

कोलेस्टेरॉल हे नाव आज शत्रूसारखे उच्चारले जात असले, तरी या पदार्थावाचून आपले शरीर चालणार नाही. पेशींची आवरणे, पित्ताम्ले, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांसाठी तो लागतो. त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते, आहारातून येतो तो त्या मानाने कमी.

१९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण वैद्यकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही सशांना त्याने नुसते तेलच दिले. पहिल्या गटातील सशांच्या धमन्यांत पिवळसर थर साचले, तर दुसऱ्या गटातील धमन्या तशाच राहिल्या. हा दुसरा गट नसता, तर दोष तेलाचा की कोलेस्टेरॉलचा, हे सांगता आले नसते. तुलनेसाठी ठेवलेल्या अशा गटाला आपण 'तुल्य गट' म्हणू. पुढच्या सगळ्या कथेचा तो नायक आहे.

ससा शाकाहारी प्राणी; त्याच्यावरून माणसाविषयी काय ठरवणार, असा आक्षेप त्या काळी घेतला गेला आणि तो गैर नव्हता. माणसांविषयीचा पुरावा जमू लागला तो १९४८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील हजारो रहिवाशांच्या आरोग्याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान हे जितके अधिक, तितका हृदयविकाराचा धोका अधिक, असे या नोंदींतून दिसून आले. १९७० च्या दशकात मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी या संबंधामागची यंत्रणा उलगडली. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण पेशींवरील विशिष्ट ग्राही टिपून घेतात. काहींच्या शरीरात जन्मतः हे ग्राही अपुरे असतात. त्यांच्या रक्तात एलडीएल साचते आणि त्यांना तरुणपणीच हृदयविकार गाठतो. या शोधासाठी दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

करडईची परीक्षा

या दरम्यान, १९५० च्या दशकात, आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. तूप, लोणी, चरबी यांतील संपृक्त मेदाम्लांच्या जागी वनस्पती-तेलांतील असंपृक्त मेदाम्ले घेतली, तर रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल या असंपृक्त मेदाम्लाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के, म्हणजे नेहमीच्या खाद्यतेलांत फार वरचे. कोरडवाहू शेतातील काटेरी पिकाला शहरात प्रतिष्ठा मिळाली ती या एका गुणामुळे.

पण या तर्कात एक पायरी गृहीत धरलेली होती. तेलाने कोलेस्टेरॉल उतरते, हे प्रयोगाने दिसले होते. कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, हेही दिसले होते. यावरून 'तेलाने हृदयविकार टळतो' असा निष्कर्ष काढणे सोपे असले, तरी तो स्वतंत्रपणे तपासायला हवा होता.

तशी एक तपासणी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात झाली. हृदयविकार नुकताच होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांचे दोन गट केले गेले. २२१ जणांना लोणी-चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्यापासून केलेले मार्गारीन खाण्यास सांगितले. २३७ जणांना आहाराबाबत असा सल्ला दिला नाही. पहिल्या गटाचे कोलेस्टेरॉल अपेक्षेप्रमाणे उतरले. मृत्यू मात्र पहिल्या गटात १७.६ टक्के झाले आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. मृत्यूंची कारणनिहाय आकडेवारी बराच काळ अप्रकाशित होती. जुन्या चुंबकीय फितीवरून ती परत मिळवून ख्रिस्तोफर रॅम्सडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली, तेव्हा हृदयविकाराचे मृत्यूही तेलाच्या गटातच अधिक होते असे दिसले.

याचा अर्थ करडईचे तेल घातक आहे असा घ्यायचा का? तसे म्हणणे घाईचे होईल. टक्के बाजूला ठेवून माणसे मोजली, तर हे मृत्यू ३९ आणि २८ होते. इतक्या लहान आकड्यांत योगायोगाचा वाटा मोठा असू शकतो. त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असत आणि ती हृदयाला अपायकारक आहेत, हे पुढे सिद्ध झाले. लिनोलेइक आम्ल आहारात अधिक असणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असे सांगणारे पुष्कळ निरीक्षणात्मक पुरावेही आहेत. तेव्हा संपृक्त मेद कमी करून त्याऐवजी असंपृक्त तेल माफक वापरावे, हा आजचा सल्ला कायम आहे. पण सिडनीने एक गोष्ट दाखवून दिली. रक्ततपासणीच्या कागदावरचा आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

औषधांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. क्लोफायब्रेट या औषधाची युरोपातील तीन शहरांत मोठी चाचणी झाली. १९७८ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी उतरले, जिवावर न बेतणारे हृदयविकाराचे झटकेही कमी झाले, पण एकूण मृत्यू औषध घेणाऱ्यांतच जास्त झाले. साहजिकच, कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या खटाटोपाला अर्थ आहे की नाही, अशी शंका अनेक डॉक्टरांना वाटू लागली.

बुरशीतून आलेले औषध

स्टॅटिनचा जन्म याच शंकेच्या काळातला. जपानमधील अकिरा एंडो हे शेतकरी कुटुंबातील जीवरसायनशास्त्रज्ञ. पेनिसिलिनच्या शोधाची कथा त्यांनी वाचली होती. बुरशी जशी जिवाणूंना मारक द्रव्ये बनवते, तशीच कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारी द्रव्येही बनवत असेल, असा त्यांचा कयास होता. सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासल्यावर तांदळावर वाढलेल्या एका पेनिसिलियम बुरशीत त्यांना १९७३ साली कॉम्पॅक्टिन सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एका मोक्याच्या विकराला ते अडवते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले की ते आपल्या पेशींवरील ग्राहींची संख्या वाढवते आणि रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते.

उंदरांवर कॉम्पॅक्टिनचा परिणाम दिसेना. अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर मात्र तो स्पष्ट दिसला आणि काम पुढे सरकले. कुत्र्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर अर्बुदे होतात या शंकेने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचा विकास थांबला. त्याचेच भावंड असलेल्या लोव्हास्टॅटिनला, सुरक्षिततेच्या आणखी तपासण्या झाल्यावर, अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली.

तरीही मूळ प्रश्न शिल्लक होता: आकडा उतरतो, पण माणूस वाचतो का? उत्तर १९९४ मध्ये मिळाले. उत्तर युरोपातील पाच देशांतल्या ४,४४४ हृदयरोग्यांपैकी २,२२१ जणांना सिम्व्हास्टॅटिन आणि २,२२३ जणांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देण्यात आली. सुमारे ५.४ वर्षांनी औषधाच्या गटात १८२ मृत्यू झाले होते आणि तुल्य गटात २५६. दर १०० रुग्णांमागे ३ जीव अधिक वाचले. क्लोफायब्रेट जेथे हरले, तेथे हे औषध टिकले.

अपायांचा हिशेब

फायदा ज्या काट्याने मोजला, त्याच काट्याने अपायही मोजायला हवेत. स्टॅटिनचे अपाय काल्पनिक नाहीत. सेरिव्हास्टॅटिन हे या वर्गातील औषध २००१ साली जगभरातून मागे घ्यावे लागले. त्यामुळे स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार इतर स्टॅटिनांपेक्षा खूपच अधिक होत होते. काही प्रतिजैविके बरोबर घेतली, तर सिम्व्हास्टॅटिनची रक्तातील पातळी धोकादायक वाढते. रोसुव्हास्टॅटिनची पातळी आशियाई लोकांत अधिक चढते, म्हणून अमेरिकेत २००५ पासून त्यांना लहान मात्रेने सुरुवात करण्याची सूचना आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांपैकी काहींना स्टॅटिनमुळे मधुमेह लवकर गाठतो.

लोकांची सर्वांत जास्त तक्रार असते ती अंगदुखीची. पन्नाशी-साठीत पिंढऱ्या, मांड्या, खांदे दुखणे इतके सामान्य आहे, की गोळीमुळे किती जणांचे दुखते हे नुसते विचारून कळत नाही. येथे तुल्य गट पुन्हा उपयोगी पडतो. अनेक चाचण्यांची एकत्रित आकडेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी केली, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी!

त्याआधी लंडनमध्ये एक सुबक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना १२ महिन्यांसाठी १२ बाटल्या दिल्या. चारांत स्टॅटिन, चारांत औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. क्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तसा. प्रत्येकाने रोज आपल्या त्रासाला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे. सरासरी अशी आली: गोळी नसताना ८.०, औषध नसलेली गोळी घेताना १५.४, स्टॅटिन घेताना १६.३. गोळी घेतल्याने त्रास ८.३ गुणांनी वाढला, त्यातील ७.४ गुण नुसती गोळी घेण्यानेच वाढले होते. म्हणजे दहांतील नऊ भाग. अपायाच्या अपेक्षेतून होणाऱ्या अशा त्रासाला नोसिबो परिणाम म्हणतात. यात रुग्ण खोटे बोलत नव्हते. दुखणे खरेच होते. त्याचे कारण गोळीतील द्रव्य नव्हते, इतकेच. हे आपल्याच नोंदींवरून कळल्यावर त्यांच्यापैकी निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले.

आता दोन्ही पारडी एकत्र मांडू. १०,००० लोकांनी ५ वर्षे स्टॅटिन घेऊन एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे ७७ मिलिग्रॅमने उतरवले, असे धरू. २०१६ च्या एका विस्तृत आढाव्यानुसार, त्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला असेल, तर सुमारे १,००० जणांचे पुढचे गंभीर झटके टळतात. तसा विकार झालेला नसून धोका वाढलेला असेल, तर सुमारे ५०० जणांचे. उलट बाजूस गंभीर स्नायुविकाराचे सुमारे ५, मेंदूतील रक्तस्रावाचे ५ ते १० आणि नव्या मधुमेहाचे ५० ते १०० रुग्ण वाढतात. ज्याचा मूळ धोका मोठा, त्याला फायदा मोठा. मूळ धोकाच थोडा असेल, तर फायदाही थोडा. तेथे आहार, चालणे आणि तंबाखू सोडणे यांचा विचार आधी करायचा.

वर्गात काय सांगावे?

आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी आजोबांचा किंवा आईचा रक्ततपासणीचा अहवाल येतो. कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी सुरू करते, कोणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून बंद करते. हृदयविकार होऊन गेलेल्याने गोळी अशी परस्पर सोडणे जिवावर बेतू शकते. लघवी गडद तपकिरी होणे, स्नायू कमालीचे दुखरे किंवा दुबळे होणे यांकडे दुर्लक्ष करणेही तितकेच धोक्याचे. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावा. साध्या अंगदुखीसाठी मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा वेगळ्या वर्गातील औषध देणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात.

नववी-दहावीच्या मुलांना लंडनच्या प्रयोगातील तीन आकडे फळ्यावर लिहून द्यावेत आणि गोळीचा स्वतःचा वाटा किती, ते काढायला सांगावे. नंतर सिडनीचे ३९ आणि २८ लिहून, यावरून तेलाविषयी किती खात्रीने बोलता येईल, ते विचारावे. तेलाची जाहिरात असो वा गोळीविषयीची भीती, दोन्हींना विचारायचा प्रश्न एकच आहे: ज्यांनी ते घेतले नाही, त्यांचे काय झाले? हा प्रश्न विचारायची सवय मुलांना शाळेत लागली, तर घरी आलेला अहवाल ती अधिक शहाणपणाने वाचतील.