नवा कॅमेरा की दुसरा कॅमेरा?

घरात किंवा शाळेत नवा कॅमेरा आला की जुन्याचे काय करायचे, हा प्रश्न ओघाने येतोच. विकला तर चार पैसे सुटतात आणि ते नव्याच्या किमतीला लागतात. ठेवला तर तो कपाटात पडून राहतो, भिंगावर बुरशी धरते (लोणावळ्याच्या पावसाळ्यात तर फारच लवकर) आणि वर्षागणिक किंमत उतरते. हिशेब सरळ वाटतो. मात्र त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते: जुना कॅमेरा जे जे करत होता, ते सगळे नवा करणारच. हे गृहीतक तपासायला मावळातलाच एक इतिहास उपयोगी पडतो.

लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन मळवली. कार्ले-भाजे लेण्यांना जाणारे लोक इथेच उतरतात. १८९९च्या सुमारास राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून या भागात आला. तिथली छपाई दगडावरची, म्हणजे शिळाछपाई होती. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाई फिरवायची. शाई तेलकट रेषेवर बसते, ओल्या जागेवर बसत नाही. रंगीत चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे. घरोघरी भिंतीवर लागलेल्या लक्ष्मी-सरस्वती अशाच दगडांवरून उतरल्या.

या छापखान्यासाठी लोणावळ्यात बसून काम करणारे एक गृहस्थ होते धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी बरीच वर्षे ते कॅमेऱ्याचे कारागीर होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना, १८९०मध्ये, त्यांनी छायाचित्रणाचा कॅमेरा घेतला. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत नोकरी सोडून लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. आधी शिळाछपाईसाठी कॅमेऱ्याने चित्रे उतरवून देणे, मग हाफटोन ब्लॉक, मग तीन रंगांची छपाई, असे हे काम वाढत गेले.

ब्लॉक करायला लागणारा कॅमेरा माणसांचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याहून वेगळा असतो. मूळ चित्राएवढीच प्रतिमा हवी असेल, तर भिंगाच्या एका बाजूला नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर काच ठेवावी लागते. नाभीय अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर चित्रापासून काचेपर्यंत १२० सेंटिमीटर झाले. म्हणून हा कॅमेरा लांबलचक आणि जड. काचेच्या पुढे आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी बसवतात. तिच्यामुळे चित्रातल्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. रंगीत चित्रासाठी तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह घ्यायच्या. हे सगळे येणारा माणूस १९०९मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रे पाहून आला, यात नवल नाही.

१९११मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि फाळक्यांचे मन छपाईतून उडाले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनला गेले. तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा सुमारे ५० पौंडांना विकत घेतला, आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही. (कोरी फिल्म तेव्हा भोकांशिवाय येई, घरी भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करत. चित्रपटाच्या इतिहासात या कामाला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी, असे आम्हांला वाटते.)

आता हा विल्यमसन त्यांच्या आधीच्या कॅमेऱ्यांपेक्षा ‘सुधारलेला’ होता काय? त्याने ब्लॉक करता आला नसता, आणि ब्लॉकच्या कॅमेऱ्याने कितीही केले तरी चित्र हलले नसते. तो नवा नव्हे, दुसरा कॅमेरा होता. विक्रीचा विचार करताना हाच फरक आपल्या नजरेतून निसटतो.

उलट उदाहरणही मुंबईचेच आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी इंग्लंडहून २१ गिनींना चलत्‌चित्रांचा कॅमेरा मागवला, १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१मध्ये रँग्लर परांजपे यांचे स्वागतही. पुढे त्यांनी चित्रीकरण सोडले, कॅमेरा विकला आणि गेइटी थिएटर सांभाळले. त्यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच होते. ज्याला चित्रे काढायचीच नाहीत, त्याने कॅमेरा घेऊन बसण्यात काय अर्थ? इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांना १९१८मध्ये खटपट करून स्वतःच कॅमेरा जुळवावा लागला, हे आठवले की विकलेला कॅमेरा कुणाच्या तरी हाती जाण्याचे मोल कळते.

फाळक्यांकडे परत येऊ. लंडनहून आल्यावर भांडवलासाठी लोकांना काही दाखवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप वाढताना टिपले. महिन्याहून अधिक काळ चाललेल्या या कामातून मिनिटभराचा चित्रपट झाला, आणि तो पाहून कर्ज मिळाले. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

रोज एकच चित्र घेतले, असे या वाटाण्याबद्दल सांगतात. जरा हिशेब करू. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे धरत. म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एक याप्रमाणे तीस दिवसांत ३० चित्रे. ती दोन सेकंदांतच संपतील! मिनिट भरायला दिवसाला ३२ चित्रे हवीत. कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की ८ चित्रे निघत, म्हणजे रोज चार फेरे पुरले असते. पण मग रोप दर दोन सेकंदांनी टुणकन उडी मारताना दिसले असते. ते सलग वाढताना दिसायला हवे तर अहोरात्र दर ४५ मिनिटांनी एक चित्र घ्यायला हवे, तेही प्रत्येक वेळी सारख्याच उजेडात. चलत्‌चित्राचा कॅमेरा हाती असूनही इथे त्याला जुन्या कॅमेऱ्यासारखे एकेक चित्र घेत चालवावे लागते.

हा प्रयोग शाळेत सहज होतो. फक्त कॅमेरा महिनाभर एका जागेवरून हलता कामा नये; स्नेहसंमेलन आले, सहल निघाली तरीही. त्यामुळे नवा कॅमेरा यासाठी कुणी देत नाही. कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा, फोकस आणि प्रकाशमान हाताने एकदाच ठरवून द्यावे, खिडकी झाकून एकच दिवा ठेवावा. रोपाच्या वाढीसाठी तो दिवसा चालू राहू द्यावा, रात्री मात्र चित्रापुरताच लावावा. मावळात वाटाणा पेरायला हिवाळा चांगला.