अ‍ॅन्सन कौंटीची माती

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत अ‍ॅन्सन नांवाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे तालुक्याप्रमाणें कारभाराचा एक घटक, असें श्रोत्यांनीं समजावें. हा कापसाचा मुलूख. उतारावरच्या जमिनी वर्षानुवर्षें नांगरल्यानें वरची सुपीक माती पावसाबरोबर ओढ्यांत गेली आणि खालची तांबडी, चिकट माती उघडी पडली. १८८१ सालीं याच कौंटींत एका शेतकऱ्याच्या घरीं ह्यू हॅमंड बेनेट यांचा जन्म झाला.

पुढें बेनेट सरकारच्या मृत्तिका-पाहणी खात्यांत लागले. १९०५ सालीं व्हर्जिनियांतील लुइसा कौंटींत पाहणी करितांना शेजारी-शेजारी असलेले जमिनीचे दोन तुकडे त्यांच्या दृष्टीस पडले. एक रानाचा, दुसरा पिकाचा. रानांतील माती मऊ, ओलसर, हातानें उकरतां येण्यासारखी. शेतांतील माती दगडासारखी कठीण. मूळची जमीन एकच. त्यावरून त्यांनीं ताडलें कीं, शेतांत कोठें ओघळ दिसत नसला तरी प्रत्येक जोराच्या पावसांत मातीचा एक पातळ थर निघून जात असतो. ओघळ दिसतो म्हणून शेतकरी तो बुजवितो; हा थर जातो तो कोणास दिसतच नाहीं. ही गोष्ट राज्यकर्त्यांस पटण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. मध्य मैदानांतील धुळीचीं वादळें थेट वॉशिंग्टनपर्यंत पोंचलीं, तेव्हां कोठें कायदेमंडळाचे डोळे उघडले. २७ एप्रिल १९३५ रोजीं मृत्तिका-संरक्षणाचा कायदा झाला आणि त्या खात्याचे प्रमुख बेनेट झाले.

परंतु राजधानींतील खातें आणि ओढ्याकाठचा शेतकरी यांची गांठ पडावी कशी? सरकारी माणूस बांधावर आला कीं शेतकरी बिचकतो, हें सर्व देशांत सारखेंच. १९१४ च्या कायद्यानें कौंटी-कौंटींत शेतकीचे सल्लागार नेमण्याची सोय झाली होती. पण सल्ला देणें निराळें आणि सबंध ओढ्याच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांस एकत्र आणणें निराळें. १९३७ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सर्व संस्थानांच्या गव्हर्नरांकडे एक नमुन्याचा कायदा धाडला. जमीन कसणाऱ्या पंचवीस जणांनीं अर्ज करावा, सुनावणी व्हावी, मग मतें घेऊन मृत्तिका-संरक्षणाचा जिल्हा स्थापावा. त्याचे पांच पंच असावे, तिघे निवडलेले व दोघे नेमलेले. मग शेतकऱ्यानें पंचांकडे यावें, तज्ज्ञानें त्याची जमीन पाहून समपातळीची नांगरट, बांध, गवताचे पट्टे यांचा आराखडा करून द्यावा. ४ ऑगस्ट १९३७ रोजीं देशांतील असा पहिला जिल्हा स्थापन झाला तो अ‍ॅन्सन कौंटींत, ब्राउन क्रीक या नांवानें. आज अशा जिल्ह्यांची संख्या तीन हजारांच्या घरांत आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३३ सालीं कापसाचे भाव सावरण्याकरितां उभें पीक नांगरून टाकण्याबद्दल सरकारनें पैसे दिले. करार जमीनमालकाशीं, बटाईनें कसणाऱ्याचा वाटा मालकाच्या हातून मिळावयाचा. कित्येकांस तो मिळाला नाहीं, आणि लागवड घटल्यानें अनेक कुटुंबांस जमीन सोडावी लागली. पुढें कर्ज व मदत मंजूर करण्यांत कौंटीच्या शेतकरी समित्यांचा शब्द चालूं लागला. शेजाऱ्यानें शेजाऱ्याची गरज जाणावी हा हेतु चांगला. पण शेजारी पक्षपातीही असतो. दक्षिणेंत या समित्यांवर गोऱ्यांचें वर्चस्व राहिलें आणि कृष्णवर्णीयांचे अर्ज रखडले किंवा फेटाळले गेले. १९९७ सालीं त्यांनीं सरकारवर फिर्याद केली, १९९९ सालीं न्यायालयानें तडजोड मंजूर केली, आणि ज्यांचे दावे उशिरां आले त्यांच्याकरितां २०१० सालीं आणखी १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली.

मदतीचीं दारें आतां पुष्कळ आहेत. धुपणारी जमीन दहा ते पंधरा वर्षें गवताखालीं वा झाडांखालीं ठेवणाऱ्यास वार्षिक खंड देण्याची योजना १९८५ पासून चालू आहे. मात्र कोणत्याही दारीं जाण्यापूर्वीं शेतकऱ्यास कौंटीच्या कचेरींतून आपल्या शेताचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याला मालकीचा वा खंडाचा कागद लागतो. दक्षिणेंतील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन आजोबा-पणजोबांच्या नांवावरच राहिलेली. वारस अनेक, वांटणीपत्र नाहीं. सातबाऱ्यावर नांव चढविण्यासाठीं खेटे घातलेल्यांस ही अडचण निराळी सांगावयास नको. २०१८ च्या शेतकी कायद्यानें अशा वारसांस मालकीच्या कागदाऐवजीं दुसरे पुरावे दाखवून तो क्रमांक घेण्याची मुभा दिली.