परक्या चुलीवरचा रस्सा



मुंबई-पुण्यास जाणारा आपल्याकडील मनुष्य हल्ली हौसेने थायी उपाहारगृहात जाऊन बसतो, हिरवा किंवा तांबडा रस्सा भाताशी कालवून खातो आणि गावी परतल्यावर त्याचे रसभरित वर्णन करतो. १९९३ साली मुंबईस कफ परेडवरील प्रेसिडेंट हॉटेलात ‘थाय पॅव्हेलियन’ निघाले, तेव्हा हे खाणे धनिकांपुरते होते. पुढे ते मध्यम वर्गाच्याही आवाक्यात आले. २००२ साली थायलंडच्या सरकारने तर आपली उपाहारगृहे जगभर वाढावीत म्हणून योजनाच आखली. वरवर पाहता ही जिभेच्या चैनीची गोष्ट आहे. परंतु तिच्यात दोन प्रवास दडलेले आहेत. एक पदार्थाचा आणि दुसरा पंक्तीचा. पहिला सुखाने पार पडला. दुसऱ्याने आपल्या समाजाची कसोटी पाहिली.

प्रथम पदार्थाचा प्रवास पाहू. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात आणि सारे माळ लाल होऊन जातात. ही मिरची आपल्या मातीतलीच, असे कोणीही म्हणेल. पण ती मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती पूर्वेकडे आली. अकबराच्या काळच्या ‘ऐन-ई-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातील पदार्थांची प्रमाणे दिली आहेत, त्यांत मिरी आहे, आले आहे, लवंग आहे, मिरची मात्र नाही. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का घेतली आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या राजधानीत पोचला. त्या राजधानीचे नाव अयुत्थया, म्हणजे आपली अयोध्याच. तेव्हा मिरची आपल्याकडे आली आणि सयामातही गेली, ती एकाच दर्यावर्दी लोकांच्या हातून.

दोन्ही देशांनी या पाहुणीचे बारसे कसे केले, तेही पाहण्याजोगे आहे. आपण मिरीवरून मिरची हा शब्द घडविला. थायी भाषेत मिरीला ‘फ्रिक’ म्हणत. ते नाव नव्या मिरचीने बळकावले, आणि बिचाऱ्या मिरीला ‘फ्रिक थाय’, म्हणजे थायी मिरी, असे म्हणवून घ्यावे लागले. परकी वस्तू घरची झाली आणि घरचीला आपली ओळख सांगण्याची पाळी आली!

थायी रश्शात नारळाचे दूध, गवती चहाच्या जातीची पात आणि कुळिंजन असते. वाटणात कोळंबीचा खारवलेला लगदा घालतात. हिरव्या रश्शाला हिरवी मिरची, तांबड्याला भिजविलेली सुकी मिरची. पण त्यांतला एक रस्सा आपल्या माणसास चटकन जवळचा वाटतो, तो ‘मस्समन’. त्यात वेलदोडे, दालचिनी, लवंगा, जिरे आणि शेंगदाणे पडतात. हे नाव ‘मुसलमान’ या शब्दाचेच रूप मानले जाते. सतराव्या शतकात इराणी आणि हिंदी मुसलमान व्यापारी अयुत्थयेत वसले होते. सुरतेचा कपडाही तिकडे खपत असे. आणि सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता आपल्याच जिल्ह्यातून जाई. त्या रस्त्याने गेलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाची वाखाणणी केली आहे. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास, असे त्याचे म्हणणे. तेव्हा सुवासिक भाताचे कौतुक आपल्याला सयामने शिकवावे, असे नाही.

आता पंक्तीचा प्रवास. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांना १८९० साली पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण भोवले. सभेस आलेल्यांपुढे चहा ठेवला गेला. उपस्थितांची नावे छापून आली. ग्रामण्य माजले आणि १८९२ साली रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. लोकमान्य टिळकही या वादातून सुटले नाहीत. आश्चर्य असे की, सातासमुद्रापलीकडून आलेली मिरची देवाच्या नैवेद्यात गेली, तरी तिच्यासाठी कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. एका पेल्यासाठी मात्र मागितले.

याचे कारण उघड आहे. मिरची रोप म्हणून आली. ती आपण आपल्या शेतात लावली, आपल्या पाट्यावर वाटली, आपल्या चुलीवर शिजविली. चहा दुसऱ्याच्या हातून आला. आक्षेप पदार्थाला नव्हता; तो हाताला होता. हे ओळखूनच छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थास चहाचे दुकान काढावयास लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने, धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक उपाहारगृहात कोणास अटकाव करता येणार नाही, असे १५ व्या अनुच्छेदात लिहून ठेवले. आज आपण कोणी शिजविले हे न विचारता थायी रस्सा मागवितो, त्यामागे एवढा झगडा उभा आहे.

परंतु हा झगडा संपला, असे समजू नये. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा बहुसंख्य आदिवासींचा आहे. अक्राणीचा आमचूर आपल्या बाजारात येतो, आपण तो भाव करून घेतो. वस्तू डोंगर उतरून आपल्या स्वयंपाकघरात शिरते. पण ज्या भिल्लाच्या वा पावऱ्याच्या अंगणात ती वाळली, त्याच्या घरी पानावर बसून भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्लेले नगरवासी आपल्यात किती निघतील? सयामचा रस्सा जरूर चाखावा. मात्र दूरच्या अनोळखी हाताचे अन्न गोड लागते आणि सातपुड्यातल्या शेजाऱ्याचे पान अजून टाळावेसे वाटते, असे असेल, तर जीभ सयामपर्यंत पोचली तरी आपण अद्याप १८९० सालच्या पुण्यातच बसलो आहोत, असे म्हणावे लागेल.