उपासमार की अजीर्ण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शर्यतीची छोटी गाडी सरळ रस्त्यावर झकास पळते आणि वळणावर मात्र तिचं इंजिन आचके देऊ लागतं, ही तक्रार मोटार शर्यतींइतकीच जुनी आहे. गाडी थांबली की मेकॅनिक प्लग काढून बघतो. प्लगचं टोक पांढुरकं पडलं असेल, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. त्यावर काळी काजळी धरली असेल, तर ते जास्त होतंय. म्हणजे एक तर उपासमार, नाही तर अजीर्ण. घोटाळा असा, की चालकाच्या कानाला हे दोन्ही आजार जवळजवळ सारखेच वाटतात. इंजिन खोकतं आणि दम सोडतं. मी अनेक गॅरेजांत पाहिलंय, इंजिन अडखळलं की पहिला हात पेट्रोल वाढवण्याकडे जातो. आजार अजीर्णाचा असेल, तर असं औषध रोग्यालाच संपवतं.

हे का होतं, ते आधी पाहू. कार्ब्युरेटरच्या पोटात पेट्रोलची एक लहानशी वाटी असते. तिच्यात एक फ्लोट, म्हणजे तरंगता डबा असतो. आपल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच त्याचं काम. पातळी खाली गेली की फ्लोट खाली येतो, झडप उघडते आणि पेट्रोल आत येतं. पातळी वर गेली की झडप बंद. वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, हवेच्या झोतात ओढलं जातं. सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे: पेट्रोल वाटीच्या तळाशीच राहणार. गाडी वेगात वळते तेव्हा हे गृहीत कोसळतं. पेट्रोल एका बाजूला चढतं. जेट उघडा पडला तर उपासमार; फ्लोट फसला आणि झडप उघडी राहिली तर अजीर्ण. सकाळी स्कूटर आडवी करून मग किक मारणारी आपली पिढी या वाटीशीच खेळत होती.

हाच आजार १९४० साली ब्रिटनच्या आकाशात उभा राहिला. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं. बारा सिलिंडर, सत्तावीस लिटर, हजारावर अश्वशक्ती. पण पेट्रोलची वाटी तीच, फ्लोटवाली. जर्मन मेसरश्मिट १०९ च्या इंजिनात पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. तिथे वाटीच नव्हती. त्यामुळे पाठलाग सुरू झाला की जर्मन वैमानिक विमानाचं नाक एकदम खाली दाबून सूर मारी. मागच्या इंग्रज वैमानिकाने तसंच केलं की त्याचं इंजिन बंद पडू लागे. त्याला आधी विमान उलटं करून मग खाली वळावं लागे. तेवढ्या वेळात शत्रू निसटे. आणि जीव वाचवण्यासाठी सूर मारायचा असेल, तर हाच खोळंबा जिवावर बेते.

कार्ब्युरेटर ठेवण्यामागे रोल्स-रॉइसचाही हिशेब होता. वाटेत पेट्रोलची वाफ होताना हवा थंड होते, थंड हवा अधिक दाट असते आणि त्यामुळे शक्ती वाढते. म्हणून वाटी हटवणं सोपं नव्हतं. तिला सांभाळूनच उपाय शोधायचा होता.

तो शोधला फार्नबरोच्या ‘रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट’मधल्या बिट्रिस शिलिंग यांनी. जन्म १९०९चा. चौदाव्या वर्षी त्यांनी स्वतःची मोटारसायकल घेतली. वीजजोडणीचं काम करणाऱ्या एका कंपनीत उमेदवारी केली, मँचेस्टर विद्यापीठातून १९३२ साली पदवी घेतली आणि १९३६ मध्ये फार्नबरोला रुजू झाल्या. त्याआधी १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी ५०० सीसीची नॉर्टन ताशी १०६ मैलांनी पळवून ‘गोल्ड स्टार’ मिळवला होता. हा मान मोटारसायकलवर तिथे अवघ्या तीन स्त्रियांना मिळाला. इंजिन कुठे अडखळतं, हे या बाईंना केवळ पुस्तकातून ठाऊक नव्हतं.

मर्लिनचा आजार दुहेरी होता. विमानाने नाक खाली घातलं की पेट्रोल वाटीच्या छताला जाई, तळाचे जेट उघडे पडत आणि इंजिन क्षणभर उपाशी राही. पण खरा घात त्यानंतरचा. फ्लोटही फसे, झडप सताड उघडी राही आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल कोंबत राही. वाटी तुडुंब भरे आणि इंजिन गुदमरे. सुरुवात उपासमारीने, शेवट अजीर्णाने.

शिलिंगबाईंनी अजीर्णावर बोट ठेवलं. इंजिन पूर्ण शक्तीने चालताना त्याला जास्तीत जास्त जेवढं पेट्रोल लागतं, तेवढंच जाऊ शकेल अशा मापाचं छिद्र त्यांनी ठरवलं. त्या छिद्राची पितळी टोपी, आणि पुढे तर साधी चपटी चकती, कार्ब्युरेटरच्या अलीकडे पेट्रोलच्या नळीत बसवली. झडप कितीही उघडी राहो, गरजेपेक्षा जास्त थेंब आत जाणार नाही. बंद पडणाऱ्या इंजिनाची नळी अरुंद करायची, हा उपाय ऐकायला उफराटा वाटतो. पण निदान बरोबर असेल तर तोच खरा. इंजिन न उतरवता ही चकती बसवता येई. १९४१च्या सुरुवातीला त्या स्वतः एका छोट्या पथकासह विमानतळ पालथे घालत फिरल्या. मार्चपर्यंत लढाऊ विमानांवर ती बसली होती. वैमानिकांनी तिला चावटपणे ‘मिस शिलिंगचं छिद्र’ असं नाव दिलं. बाई तर १९३८ पासूनच मिसेस नेलर होत्या.

हा रामबाण नव्हता. पहिला क्षणभराचा आचका पुरता गेला नाही आणि विमान फार वेळ उलटं उडवणं धोक्याचंच राहिलं. पण नाक खाली घालायला वैमानिक आता बिचकत नव्हते. पुढे १९४३ मध्ये दाबावर चालणारे, फ्लोटची वाटी नसलेले कार्ब्युरेटर आले, तोवर या इवल्याशा चकतीने वेळ निभावून नेली.

युद्धानंतर शिलिंग आणि त्यांचे पती जॉर्ज नेलर मोटारींच्या शर्यतीत उतरले. ऑस्टिन-हीली स्प्राइटसारख्या छोट्या गाड्या ते पळवत. १९६७ साली डॅन गर्नी यांच्या ‘ईगल’ या फॉर्म्युला वन गाडीचं इंजिन तापू लागलं, तेव्हाही सल्ल्यासाठी या बाईंकडेच धाव घेतली गेली. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. पण जुन्या गाड्यांत आणि छोट्या शर्यतींच्या अनेक इंजिनांत तो अजून टिकून आहे. तिथे इंजिन आचके देऊ लागलं, तर पेट्रोल वाढवण्याआधी एकदा प्लग काढून पाहावा.