शुश्रूषा करणाऱ्यांचे मन

देवनहळ्ळीचे नाव निघाले की टिपूचे जन्मस्थान आणि तेथील दगडी किल्ला आठवावा, ही आपली जुनी रीत. परंतु ह्याच तालुक्यात २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जानेवारी २०२० मध्ये तेथे चीनहून येणाऱ्या प्रवाशांचा ताप तपासण्यास आरोग्यसेवक उभे राहिले. तट किती उंच होता हे इतिहासकार लिहितात. तटावर जागणाऱ्याच्या मनाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही.

१८९८ साली बंगळुरात प्लेग आला तो हुबळीकडून, रेल्वेच्या वाटेने. त्याचा माग काढीत गेल्यास आपण मुंबईस पोहोचतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी तो रोग ओळखला. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांच्या जमावाने हल्ला केला. उपचार करणाऱ्यांस रोगाचे भय होतेच, त्यात लोकांचेही भय येऊन मिळाले.

ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन ह्यांनी तीन महिने अखंड खपून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या श्रमात त्यांच्या एका सहाय्यकाचे मन पार खचले आणि दोघे काम सोडून गेले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने निवर्तल्या. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. परंतु म्हणून त्या सहाय्यकांस दुबळे ठरवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मनालाही शीण येतो, एवढेच त्यांच्या उदाहरणाने सिद्ध होते.

१८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारास विशेष अधिकार दिले. आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यास त्याखाली खास शिक्षा ठरली ती २०२० च्या दुरुस्तीने. मनाच्या शुश्रूषेसाठी बंगळूरच्याच निम्हान्स संस्थेने त्या वर्षी दूरध्वनीवरून समुपदेशन सुरू केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आली, तिचीही प्रमुख संस्था निम्हान्सच. सव्वाशे वर्षांनी का होईना, प्रश्न विचारला गेला, हे मोठेच काम झाले.

तथापि कचेरीत जन्म घालविणाऱ्या आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. सूचनाफलकावर क्रमांक लागला की कर्तव्य संपले, असे मानण्याकडे वरिष्ठांचा कल असतो. अंगभर संरक्षक पोशाख चढविलेल्या परिचारिकेस तो क्रमांक फिरविण्यापूर्वी पोशाख उतरवावा लागतो. आणि तो उतरविण्यासाठी तिच्या जागी उभे राहणारे दुसरे माणूस लागते. किल्ल्यावरचा पहारासुद्धा वेळच्या वेळी बदलत असे. पुढच्या साथीपूर्वी प्रत्येक इस्पितळाने ही बदली माणसे आधी नेमावीत. समुपदेशनाचा खरा उपयोग त्यानंतरच होईल.